जैसलमेरची हिवाळी सुट्टी: वाळू, पाणी आणि आपला माळढोक

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांनी इथं वाचा. बोलताना जशी भाषा आली तशीच ठेवली आहे, फक्त 'अं', 'म्हणजे' वगैरे कमी केलंय.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा ऑफिसची मीटिंग म्यूट करून ऐकत असाल, तरी स्वागत आहे. मीटिंगवाल्यांनी आवाज कमी ठेवा.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. हिवाळ्यात चार-पाच दिवस सुट्टी आहे, गोवा झालं, महाबळेश्वर झालं, कोकण झालं, आता कुठं जाऊ? तर आज जैसलमेर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, आई, बाबा आणि माझा धाकटा भाऊ असे चौघं जाऊन आलो. त्यामुळे हा भाग थोडा 'कसं जायचं, काय बघायचं' असा आहे. पण मी सोलापूरची. माझे बाबा मोहोळ तालुक्यातल्या कोरडवाहू शेतात वाढलेले. आमच्यासारखी माणसं वाळवंटात गेली की पाण्याकडे आणि मातीकडेच आधी बघतात. म्हणून थोडं वेगळंही ऐकायला मिळेल, आणि शेवटी एका पक्ष्याबद्दल बोलणार आहे. तो भाग सोडू नका.

जायचं कधी आणि कसं

आधी हवामान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तिथला काळ. दिवसा पंचविसाच्या आसपास तापमान, ऊन कोवळं, हवा कोरडी. रात्री पारा सात-आठवर येतो, कधी कधी त्याच्याही खाली. आम्हा सोलापूरकरांना पंधरा अंशाला स्वेटर लागतो, त्यामुळे पहिल्या रात्री आमची काय अवस्था झाली ते विचारू नका. एक टिप देते: आपली सोलापुरी चादर बॅगेत टाका. आईनं टाकली होती, मी हसले होते. दुसऱ्या रात्री तंबूत तीच चादर घ्यायला भावाची आणि माझी ओढाताण चालली होती.

दिवसा ऊन आणि रात्री एवढी थंडी का? कारण साधं आहे. हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाही. कोरडी वाळू वरच्या वर पटकन तापते, पण उष्णता आत खोल जात नाही. सूर्य बुडाला की ती उष्णता सरळ आकाशात निघून जाते, अडवायला काही नसतं. सकाळी सहाला वाळूत अनवाणी पाय ठेवून बघा, बर्फावर ठेवल्यासारखं वाटतं.

तारखा निवडताना पंचवीस डिसेंबर ते एक जानेवारी हा आठवडा टाळा. हॉटेलं, जीप, तंबू, सगळ्यांचे भाव चढतात आणि किल्ल्यात पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीच्या आसपास, माघ पौर्णिमेला धरून तिथं मरू महोत्सव होतो. गर्दी आवडत असेल तर तेव्हा जा. आम्हाला गड्ड्याच्या आधी परत यायचं होतं. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते, गड्डा म्हणजे संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वज निघतात तेव्हा आई गावाबाहेर राहत नाही. विषय संपला.

सोलापूरहून आम्ही सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं गाठलं. पुण्याहून जोधपूरला थेट रेल्वे आहे, विमानही आहे. जोधपूरहून जैसलमेर रेल्वेनं पाच-सहा तास. ही गाडी रामदेवरा आणि पोखरणवरून जाते. हो, तेच पोखरण, १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांचं. हा प्रवास दिवसा करा. झाडं कमी होत जातात, मग खुरटी होतात, मग नुसती झुडपं राहतात. बाबा खिडकीतून बघत म्हणाले, "अगं, हे तर आपल्या मंगळवेढ्याच्या रस्त्यासारखंच दिसायला लागलं." अर्ध्या तासानं म्हणाले, "नाही, आपल्याकडं बरंय."

किल्ला: लोक राहतात तो

जैसलमेरचा किल्ला ११५६ मध्ये भाटी राजपूत रावळ जैसल यानं त्रिकूट टेकडीवर बांधायला घेतला. पिवळ्या वालुकाश्माचा. सकाळी फिका मधासारखा, संध्याकाळी चक्क सोन्यासारखा. म्हणून 'सोनार किल्ला'. सत्यजित राय यांनी याच नावानं आधी कादंबरी लिहिली आणि १९७४ मध्ये सिनेमा काढला. त्यानंतर बंगाली पर्यटकांचा ओघ सुरू झाला तो अजून चालू आहे. किल्ल्यातल्या दुकानदारांना तोडकं-मोडकं का होईना, बंगाली येतं. मराठी? "या या ताई, बघायचे पैसे नाहीत," एवढं येतं. तेवढं पुरतं.

२०१३ मध्ये युनेस्कोनं राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हा आहे. आपल्या बारा मराठा किल्ल्यांना २०२५ मध्ये तो मिळाला. पण आपल्या रायगडावर रात्री घरोघरी कुकरच्या शिट्ट्या होत नाहीत. इथं होतात. किल्ल्याच्या आत आजही हजारो लोक राहतात. जैन मंदिरं, राजवाडा, शाळेतून येणारी पोरं, दारात बसून मटार सोलणाऱ्या बायका, गल्लीत आडवी बसलेली गाय, सगळं एकाच वेळी चालू असतं.

आता इंजिनियर म्हणून बोलते. हा किल्ला म्हणजे साडेआठशे वर्षं प्रॉडक्शनमध्ये असलेली सिस्टीम आहे, आणि ती बनवताना एक गोष्ट गृहीत धरली होती: पाणी कमी असणार. बायका घागरींनी पाणी वर आणायच्या. थोडं यायचं, थोडं वापरलं जायचं. जो काही पाऊस पडेल त्याचं पाणी पटकन किल्ल्याबाहेर जावं म्हणून नाल्यांची व्यवस्था होती, तिला 'घूट नाली' म्हणतात. कारण टेकडी सगळी पक्क्या खडकाची नाही. वालुकाश्माबरोबर माती आणि शेल यांचे थर आहेत. पाणी मुरलं की हे थर फुगतात आणि सरकतात.

मग घराघरात नळ आला, फ्लशचे संडास आले, पर्यटन वाढलं तशी किल्ल्यातच गेस्टहाउस झाली. प्रत्येक खोलीला बाथरूम, गरम पाण्याचा शॉवर. इनपुट कितीतरी पटीनं वाढला, आउटपुटचे पाइप मात्र जुने किंवा गळके. ते पाणी पायात मुरत गेलं. काही बुरूज आणि भिंती ढासळल्या. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं नव्वदच्या दशकातच हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. त्यानंतर डागडुजी झाली, सांडपाण्याची कामं झाली, पण मूळ भार आहे तसाच आहे.

मला तिथं प्रश्न पडला की मग तिथल्या लोकांनी काय करायचं? नळ नको म्हणायचं? ते आपण पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून कसं म्हणणार! पर्यटक म्हणून आपल्या हातात एकच साधी गोष्ट आहे. राहायचं किल्ल्याच्या खाली, गावात. तिथंही सुंदर हवेल्यांमधली हॉटेलं आहेत, आणि गच्चीवरून किल्ला दिसतो. किल्ल्यात राहिलात तर किल्ला दिसतच नाही की! फिरायला, खायला, खरेदीला दिवसभर वर जा. गाइडही किल्ल्यात राहणारा घ्या, म्हणजे तिथल्या माणसाच्या हातात पैसे जातात आणि भिंतीत पाणी जात नाही.

खाली गावात पटवों की हवेली नक्की बघा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका व्यापारी कुटुंबानं पाच हवेल्या उभारल्या. दगडाची जाळी इतकी बारीक की आई म्हणाली, "हे क्रोशाचं काम आहे." एवढा पैसा वाळवंटात कुठून आला? जैसलमेर हे सिंध आणि मध्य आशियाकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांच्या वाटेवर होतं. पुढं मुंबई बंदर वाढलं, रेल्वे आली, नंतर फाळणीत सीमा बंद झाली आणि हा रस्ताच उरला नाही. गिरण्या बंद पडल्यावर गावाचं काय होतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

पाणी: गडीसर, खडीन आणि बाबांचं लेक्चर

सकाळी सूर्योदयाला गडीसर तलावावर जा. चौदाव्या शतकात महारावळ गडसी याच्या काळात हा तलाव बांधून वाढवला गेला. शतकानुशतकं अख्खं गाव याच्यावर प्यायलं. हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात, पाण्यात छत्र्यांचं प्रतिबिंब पडतं, फोटो भारी येतात. बोटिंगही आहे.

पण आमच्या बाबांना खरी मजा आली ती कुलधऱ्याला. गावापासून अठरा-वीस किलोमीटरवर पालीवाल ब्राह्मणांचं हे ओसाड गाव आहे. यूट्यूबवर त्याचे सगळे व्हिडिओ 'भुताचं गाव' म्हणूनच सापडतील. दिवाण सालिम सिंहाच्या जाचाला कंटाळून लोक एका रात्रीत निघून गेले, अशी गोष्ट सांगतात. पाणी आटलं हेही कारण अभ्यासक देतात. भूत राहू दे बाजूला. पालीवालांनी या वाळवंटात गहू आणि हरभरा पिकवला, हे मला भुतापेक्षा भारी वाटतं. वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही आणि गहू!

त्याची पद्धत म्हणजे 'खडीन'. खडकाळ उताराच्या पायथ्याला, सखल भागात मातीचा लांब बांध घालायचा. आजूबाजूच्या मोठ्या परिसरावर पडलेला थोडासा पाऊस वाहत येऊन त्या बांधाआड साचतो. पाणी उपसायचं नाही, तिथंच मुरू द्यायचं. दिवाळीच्या सुमारास पाणी जमिनीत गेलं की त्या ओलीवर पेरणी करायची. पुन्हा पाणी द्यायचं नाही. आमच्या जीपवाल्या काकांनी रस्त्यात एक चालू खडीन दाखवली. चहूकडे पिवळा माळ आणि मधे हिरवागार चौकोन.

बाबा खाली उतरले, माती हातात घेतली आणि सुरू झाले, "ही आपली रब्बीच की!" मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. आपल्याकडं पाऊस पडतो तो मुख्यतः सप्टेंबरमध्ये. काळी माती ते पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर ज्वारी पेरतात. हिवाळाभर थेंब पडत नाही, पण ज्वारी उभी राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं मालदांडी ३५-१ हे वाण याच पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. फरक एवढाच की आपल्याकडं काळी माती स्वतःच पाणी साठवते आणि त्यांना ते काम बांध घालून करावं लागतं. आपला स्टोरेज इनबिल्ट, त्यांचा एक्स्टर्नल.

मग जीपवाले काका आणि बाबा यांचं जे जमलं! एक मारवाडीमिश्रित हिंदी बोलतोय, एक मराठीमिश्रित हिंदी. तासभर ज्वारी, बाजरी, हरभरा, टोळधाड. आम्ही तिघं जीपमध्ये बसून चिवडा खातोय. नंतर काका म्हणाले की आता इंदिरा गांधी कालवा आलाय. पंजाबात हरिके इथं सतलज आणि बियास एकत्र येतात, तिथून हे पाणी शेकडो किलोमीटर येतं. कालव्याकाठी शेती फुलली, नळाला पाणी आलं, पण जुन्या विहिरी आणि तलाव साफ ठेवायला आता कुणी येत नाही. बाबा नुसते "हं" म्हणाले. उजनीच्या आधी आणि नंतर, अशी आमच्याकडचीही गोष्ट हीच आहे. एवढं मोठं धरण जवळ असून आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि दारात निळे बॅरल उभे असतात.

ज्यांना यावर वाचायचंय त्यांनी अनुपम मिश्र यांचं 'राजस्थान की रजत बूँदें' वाचा. हिंदी सोपं आहे, पुस्तक छोटं आहे.

वाळू, जेवण, गाणं

आता वाळूच्या टेकड्या. दोन पर्याय आहेत. सम हे गावापासून चाळीसेक किलोमीटरवर. मोठ्या टेकड्या, पण शेकडो तंबू, उंटांची रांग, जीपचा घरघराट, रात्री डीजे. ग्रुपनं दंगा करायचा असेल तर सम ठीक आहे. दुसरं खुरी. दक्षिणेला, गाव लहान, टेकड्या थोड्या कमी, शांतता जास्त. आम्ही खुरी निवडलं. रात्री जेवण झाल्यावर तंबूवाल्यांना दिवे घालवायला सांगितले. एवढ्या चांदण्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. भाऊ मोबाइलवर नाइट मोडचे प्रयोग करत होता. शेवटी त्यानंही फोन ठेवला.

पैशांचं बोलायचं तर आमचा सगळ्यात जास्त खर्च गाडीवर झाला, जेवणावर सगळ्यात कमी. उंटाच्या फेरीचा भाव बसण्याआधी ठरवा: किती वेळ, कुठपर्यंत, माणशी की उंटामागं. पॅकेज घेताना जेवण, कार्यक्रम, जीप, काय काय धरलंय ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. ड्रोन नेऊ नका. हा सीमाभाग आहे, परवानगीशिवाय उडवलात तर सुट्टी पोलीस ठाण्यात जाईल. एक दिवस जास्त असेल तर तनोट मातेचं मंदिर आणि लोंगेवाला करा. डिसेंबर १९७१ मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीनं रात्रभर रणगाडे रोखून धरले आणि उजाडताच जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमानं आली, ती ही जागा.

जेवण. दाल-बाटी-चुरमा सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही केर-सांगरी खा. केर ही झुडपावरची आंबट फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे कोण? आपली शमी! दसऱ्याला जिची पूजा करतो ती. आपण तिला वर्षातून एकदा नमस्कार करतो, ते तिला रोज जेवतात. दुष्काळात बाकी काही नसलं तरी ती हिरवी असते. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसं हीच झाडं वाचवताना मारली गेली. आता त्या भाजीकडे बघायची नजर बदलली ना? गावात घोटुआ लाडू मिळतात, तेही आणा. बाजरीच्या रोटीला आईनं पास केलं, पण शेरा मारला, "कडक भाकरी आणि शेंगाचटणीची सर नाही." परीक्षक सोलापूरची आहे, निकाल आधीच ठरलेला होता.

आणि गाणं. मांगणियार हे पिढीजात गवई. धर्मानं मुसलमान, यजमान बहुतेक राजपूत, आणि गातात ती लग्नाची, बारशाची गाणी, कृष्णाची भजनं, सूफी कलामही. त्यांचं वाद्य कमायचा, गजानं वाजवायचं. हमीरा गावचे साकर खाँ कमायचा वाजवायचे, २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तंबूतल्या कार्यक्रमात बॉलिवूडची फर्माईश न करता "तुमचं जुनं ऐकवा" म्हणून बघा. आमच्याकडं एक साठीचे उस्ताद होते. ते सरळ होऊन बसले आणि त्यानंतरचा अर्धा तास आई डोळे पुसत होती. शब्द तिला एकही कळला नव्हता.

आता तो पक्षी

आला तो भाग. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून तीन हजारांहून जास्त चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय मरू उद्यान आहे. डेझर्ट नॅशनल पार्क. तिथं सकाळी वनखात्याची परवानगी आणि स्थानिक गाइड घेऊन गेलो. चिंकारा दिसले, गिधाडं दिसली. दोन तासांनी गाइडनं जीप थांबवली आणि दुर्बीण बाबांच्या हातात दिली. लांब गवतात एक उंच पक्षी, मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, चालणं एखाद्या निवृत्त हेडमास्तरसारखं. गाइड म्हणाला, "गोडावण."

बाबा म्हणाले, "माळढोक."

दोघंही बरोबर. तोच पक्षी. उंची साधारण मीटरभर, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत, उडणाऱ्या पक्ष्यांमधला जगातला एक सर्वांत वजनदार पक्षी. राजस्थानचा राज्यपक्षी. राष्ट्रीय पक्षी ठरवताना सलीम अलींनी याचंच नाव सुचवलं होतं, पण १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. आणि सोलापूरकरांनो, हा आपल्या घरचा पक्षी आहे. बार्शी रस्त्याला, शहरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ चं, म्हणजे राजस्थानच्या त्या उद्यानाच्याही एक वर्ष आधीचं. बाबा म्हणाले, "आम्ही गुरं घेऊन जायचो तेव्हा रानात दिसायचा. ढोक म्हणायचो. घरी येऊन सांगण्यासारखं त्यात काही वाटायचं नाही."

आज जगात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरलेत, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या भागात. आपल्याकडं गेल्या काही वर्षांत एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते.

असं का झालं? मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रं, कोल्हा, गुरांचा पाय, काहीही पुरतं. त्यात माळ हा आपल्या लेखी 'पडीक' जमीन. झाडं लावायची असली की माळावर, कारखाना काढायचा की माळावर, पाणी आलं की माळाची बाग. सोलापुरात अभयारण्य आखलं तेव्हा कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, घरं, सगळं आलं. लोकांना जमिनीचे व्यवहार अवघड झाले, आणि पक्ष्याचं नाव काढलं की राग यायला लागला. पुढं ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण मधल्या काळात माणूस आणि पक्षी यांच्यात जे बिघडलं ते नकाशा बदलून लगेच सुधारत नाही. बाबांचं म्हणणं, "शेतकऱ्याला विचारून केलं असतं तर आम्हीच राखला असता." हे पूर्ण खरं आहे का मला सांगता येणार नाही, पण आमच्या गावातल्या बहुतेकांचं मत हेच आहे.

जैसलमेरला आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्यासारख्यांच्या फार जवळची आहे. विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही. अंगानं जड, ऐनवेळी वळता येत नाही. तारेवर आदळतो आणि मरतो. आणि या तारा कशाच्या? बऱ्याचशा पवनचक्क्या आणि सोलर प्रकल्पांच्या. जैसलमेरच्या विंड पार्कची क्षमता एक हजार मेगावॅटच्या वर आहे. म्हणजे ही 'स्वच्छ' वीज. आमच्या सोलापूरला आहेरवाडीजवळ एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र आहे, त्यामुळे कोळशाची बाजू मी घेणार नाही. सोलर हवंच. पण तार कुठून न्यायची, कुठं जमिनीखालून न्यायची, कुठं तारेवर चकत्या लावायच्या, हा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे, आणि त्याला खर्च येतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या भागातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली. दोन्ही बाजूंना पर्यावरणच आहे, म्हणून हा गुंता सोपा नाही.

चांगली बातमीही आहे. सम इथं २०१९ पासून प्रजनन केंद्र चालतं. रानातली अंडी आणून उबवतात आणि पिल्लं वाढवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. उद्या ही पिल्लं सोडायची तर माळ लागणार. तेव्हा एखाद्या बैठकीत कुणी म्हणेल, सोलापूरला सोडू या का? त्या दिवशी आपल्याकडं गवत शिल्लक असायला हवं.

म्हणून माझं एक सांगणं आहे. जैसलमेरला जरूर जा. जीपवाल्याला टेकड्या आणि गवताच्या पट्ट्यातून वेडीवाकडी गाडी पळवू नको म्हणा. किल्ल्याखाली राहा. आणि त्याच हिवाळ्यात एक रविवार नान्नजलाही द्या. माळढोक दिसेल असं वचन कुणीच देणार नाही. पण काळवीट दिसतील, नशीब असेल तर लांडगा दिसेल, थंडीत परदेशातून येणारे भोवत्या पक्षी गवतावर तरंगताना दिसतील. येताना हुरडा खा. जेवढी माणसं माळ बघायला जातील तेवढं त्याला 'पडीक' म्हणणं अवघड होईल.

पुढच्या भागात तुमचे प्रश्न घेणार आहे. तुमच्या गावाकडं माळढोक कुणी पाहिलाय का, आजोबांना, आजीला विचारा. काय म्हणायचे त्याला, कुठल्या रानात दिसायचा, हे एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये त्यांच्याच आवाजात पाठवा. निवडक नोट्स ऐकवेन. मग भेटू, काळजी घ्या, स्वेटर घाला. नमस्कार!